घरी नको, क्लिनिकला येते: इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटरला नाही म्हणताना

गेल्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. आठवा महिना लागलेली एक मुलगी वाणाची डबी हातात धरून मला खिडकीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, बाळ झाल्यावर त्या बायका घरी येतात ना, त्यांना नको म्हणता येतं का? म्हटलं तर काही होतं का?"

येतं. आणि माझ्या बाबतीत तरी काही झालं नाही. पण एवढं खात्रीने सांगता यायला मला दोन महिने लागले, सहा-सात फोन झाले, आणि आधीच तुटपुंजी असलेली झोप आणखी गेली. तिला तिथे उभ्याउभ्या सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून लिहिते. हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचं वेळापत्रक वेगळं आहे. आणि मी डॉक्टर नाही की वकील नाही, एका छोट्या कंपनीचे हिशेब बघते.

आधी एक गोंधळ निस्तरते, कारण माझाही तोच झाला होता. बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या बायका दोन वेगळ्या खात्यांच्या असतात. पहिले दहा-बारा दिवस येते ती मिडवाइफ. ती टाके बघते, बाळाची कावीळ बघते, वजन करते, टाचेतून रक्त घेते. तिने हात काढून घेतला की येते हेल्थ व्हिजिटर. ही मुळात नर्स किंवा मिडवाइफच, पण पुढचं वेगळं शिक्षण घेतलेली. मूल शाळेत जाईपर्यंत तुम्ही तिच्या यादीवर असता. तिच्या ठरलेल्या भेटी पाच: एक पोटुशी असताना, दुसरी बाळ दहा ते चौदा दिवसांचं असताना, तिसरी सहा ते आठ आठवड्यांनी, मग वर्षाच्या आसपास आणि शेवटची दोन-अडीच वर्षांची. या पाच भेटी देऊ करणं कौन्सिलवर (म्हणजे इथल्या नगरपालिकेवर) बंधनकारक आहे, त्या घेणं आपल्यावर नाही. हे एक वाक्य मला फेब्रुवारीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

लेक झाली मंगळवारी, १४ जानेवारी २०२५ ला, ऐन संक्रांतीला. नॉर्मल होईल होईल म्हणत अठरा तासांनी सिझर झालं. आई दहा दिवस आधीच नाशिकहून आली होती, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर (तेव्हा ११५ पौंड). बॅगेत तीन किलो डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी. विमानतळावर लाडवांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, ओव्याच्या पुडीवर मात्र पाच मिनिटं चौकशी झाली.

गुरुवारी घरी सोडलं. शुक्रवारी मिडवाइफ आली. रविवारी, १९ तारखेला, टाचेची टेस्ट. इथे जन्माचा दिवस शून्य धरतात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने तो पाचवा दिवस, आणि आईच्या हिशेबाने सहावा, म्हणजे सटवाईचा. रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणून आईने देवापाशी कोरा कागद आणि पेन मांडून ठेवलं होतं. सकाळी दहाला मिडवाइफ आली, लेकीची टाच टोचली आणि कार्डावर छापलेल्या चार गोलांत एकेक थेंब भरला. नऊ दुर्मीळ आजारांची तपासणी तेव्हा त्यातून व्हायची. आई बघत उभी होती. म्हणाली, "ही तर सटवाईच्या आधी येऊन लिहून गेली की गं."

वजन ३.०६ किलोवरून २.८१ वर आलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. मिडवाइफ म्हणाली, आठ टक्के, दहापर्यंत आम्ही घाबरत नाही. दहाव्या दिवशी २.९४ झालं आणि शुक्रवारी, २४ तारखेला, तिने कागद पुरे करून आम्हाला हेल्थ व्हिजिटरच्या स्वाधीन केलं. मिडवाइफच्या भेटी मी नाकारल्या नाहीत, आणि नाकारू नका असंच सांगेन. तुम्हाला तोही हक्क आहे, पण सिझरचा टाका आपला आपल्याला दिसत नाही.

सोमवारी, २७ जानेवारीला, पहिल्या हेल्थ व्हिजिटर बाई आल्या. त्यांना मी या लेखात 'पहिल्या बाई'च म्हणते. पन्नाशीच्या, पायात जाड लोकरी मोजे. बूट दारात काढायला सांगावं लागलं नाही. त्या सव्वा तास बसल्या. घरात कोण कोण, कुणी सिगरेट ओढतं का, बाळ कुठे झोपतं, दूध किती वेळा. मग आईला आणि नवऱ्याला पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत पाठवून मला विचारलं, घरात कुणी मारतं का, कुणाची भीती वाटते का. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. माहीत असेल तर धक्का बसत नाही, आणि खरंच तसं काही असेल तर सांगायची याहून बरी जागा नाही.

त्याच पाच मिनिटांत स्वयंपाकघरात आईने तवा तापवून त्यावर ओवा टाकला. संध्याकाळच्या धुरीची तयारी. स्मोक अलार्म असा काही वाजला की वरच्या मजल्यावरचा माणूस खाली आला. पहिल्या बाई शांतपणे उठल्या आणि अलार्मखाली उभ्या राहून आपल्या फाइलने वारा घालू लागल्या. बाळाजवळ धूर नको, एवढंच म्हणाल्या. काजळ आणि सुरमा यांत शिसं असू शकतं, डोळ्यांत घालू नका, हेही सांगितलं. आई नाराज झाली, पण मला ते पटलं. डोळ्यांत काजळ घालणं बंद झालं, तीट तेवढी तळपायावर गेली.

म्हणजे पहिली भेट चांगली झाली होती. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला ही माणसंच नकोशी होती.

वजन तेव्हा ३.०२ होतं, जन्माच्या वजनाला अजून पोचलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी आणखी दोन-तीन जादा भेटी लावल्या. ३ फेब्रुवारीला दुसऱ्याच कुणी आल्या, दोन तास उशिरा. पुन्हा पहिल्यापासून: सिझर का झालं, किती तास कळा होत्या, आधी काही आजार. वजन ३.२४. माझ्या मते विषय संपला होता. पण लावलेली भेट लावलेली असते.

१० फेब्रुवारी, सोमवार. तिसऱ्या बाई. टॅबलेटवर बोट फिरवत, आमच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि पहिलं बाळ कुठे आहे? शाळेत?"

पहिलं बाळ नाही. २०२३ मध्ये अकराव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. कागदावर 'दुसरी गर्भधारणा' असं लिहिलेलं असतं. त्याच्याच खालची ओळ वाचली असती तर कळलं असतं. आईला मी ते कधी सांगितलं नव्हतं. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण 'फर्स्ट बेबी' एवढं कळतं. ती दारात दुधाचा पेला घेऊन उभी होती. बाई गेल्यावर तिने काही विचारलं नाही. रात्री टाळू भरताना तेलाची वाटी हातात धरून नुसतं म्हणाली, "एकटीने काढलंस होय सगळं?"

त्या रात्री मी ठरवलं, आता घरी कुणी नको.

ठरवणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, सकाळी हेल्थ व्हिजिटिंग टीमच्या सामायिक नंबरवर फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. पुढच्या भेटी नकोत म्हटलं. "ठीक आहे, नोंदवते," म्हणाली. मी निर्धास्त झाले. ती माझी चूक. तिने 'या आठवड्याची भेट नको' एवढंच नोंदवलं होतं, हे मला खूप नंतर कळलं. फोन केलात तर तिथल्या तिथे विचारा: तुमचं नाव काय, आणि तुम्ही नेमकं काय टाइप केलंत ते वाचून दाखवाल का? संकोच वाटतो, पण वाचून दाखवतात.

त्याच दिवशी दुपारी बीसीजी होतं. ज्या देशांत क्षयरोग जास्त आहे तिथून आलेल्या आई-बापांच्या किंवा आजी-आजोबांच्या बाळांना ही लस इथे देतात, बाळ अठ्ठावीस दिवसांचं झालं की किंवा त्यानंतर लवकरच. सरसकट सगळ्या बाळांना देत नाहीत. आम्ही बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी पोचलो. लस फुकट, पार्किंगचे तीन पौंड वीस पेन्स. १८ फेब्रुवारीला जन्माची नोंदणी केली (बेचाळीस दिवसांची मुदत असते, दाखल्याची प्रत तेव्हा १२.५० पौंडांना, आम्ही दोन घेतल्या). हे इथे सांगण्याचं कारण असं, की हेल्थ व्हिजिटरला नाही म्हटलं तर लसी, दाखला, डॉक्टर यांतलं काही अडतं की काय अशी मला भीती होती. काही अडत नाही. ही सगळी वेगवेगळी दारं आहेत.

सोमवारी, १७ तारखेला, मेसेज: तुमची भेट गुरुवारी, २० फेब्रुवारी, सकाळी अकरा. मी उत्तर दिलं, नको. त्या नंबरवर उत्तरं कुणी वाचत नाही, हेही तेव्हा माहीत नव्हतं.

गुरुवारी अकराला बेल वाजली. नवऱ्याची दोन आठवड्यांची सुट्टी कधीच संपली होती. मी गाउनमध्ये, केसांना तेल, खांद्यावर ओकलेलं दुपटं. दार उघडलं तर चौथ्या बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात वजनाचा काटा. तोंडातून पहिलं आलं ते "सॉरी". आपलं असंच होतं ना, दारात आलेल्याला आत घेतलं नाही तर स्वतःलाच कसंसं होतं. आई मागून म्हणत होती, "अगं, बाहेर थंडी आहे, आत तरी घे, चहा टाकते." मी दार अर्धं धरून सांगितलं की मी भेट रद्द केली आहे, बाळ बरं आहे, मला आज कुणाला भेटायचं नाही. त्या चांगलं बोलल्या. बाळ बघता येईल का, एवढं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी एक कार्ड दिलं आणि गेल्या. दार लावल्यावर माझे पाय लटपटत होते.

दुपारी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं आणि ती मोठी चूक केली. अर्ध्या तासात सोळा उत्तरं. "नाही कशाला म्हणायचं, सोशल सर्व्हिसेसला कळवतात." (म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं बघणारं खातं.) "व्हिसावर परिणाम होतो म्हणे." एकीने नॉर्वेची बातमी टाकली. २०११ मध्ये तिथल्या बालकल्याण खात्याने एका भारतीय दांपत्याची दोन मुलं ताब्यात घेतली होती, ती. ज्यांनी हे लिहिलं त्यांतल्या एकीनेही स्वतः भेट नाकारलेली नव्हती. त्या रात्री दर वेळी खाली गाडी थांबली की मी उठून खिडकीत जात होते.

शेवटी शुक्रवारी, २१ तारखेला, नवऱ्याने सांगितलं, तू ऑफिसात थकलेल्या बिलासाठी लिहितेस तसं लिही. रागाचं एक वाक्य नको, तारखा हव्यात. ते ऐकलं आणि सुचलं. बाळाचं नाव, जन्मतारीख, एनएचएस (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) नंबर. मग: घरी होणाऱ्या भेटी आम्हाला यापुढे नकोत, हा निर्णय आम्हा दोघांचा आणि विचार करून घेतलेला आहे. बाळाची सहा ते आठ आठवड्यांची तपासणी आणि सगळ्या लसी जीपीकडे (म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे) घेणार आहोत, ११ मार्चची वेळ मिळाली आहे. बीसीजी ११ फेब्रुवारीला झालं. वजन तुमच्या क्लिनिकमध्ये येऊन करून घेऊ. एकच व्यक्ती नेमून देणार असाल तर मी क्लिनिकमध्ये भेटायला तयार आहे. हे नोंदवलं असल्याचं लेखी कळवावं. गर्भपाताचा प्रसंग मी शेवटी दोन ओळींत लिहिला. कारण देणं बंधनकारक नाही, पण मला ते कुणीतरी वाचायला हवं होतं.

त्या ईमेलमधला सगळ्यात उपयोगी भाग कुठला म्हणाल, तर 'काय नको' हा नव्हे, 'काय घेणार आहे' हा. नुसतं 'नको' आलं की समोरच्याच्या मनात बाळ डोळ्यांआड झालं अशी शंका येते, आणि ती यायलाच हवी, त्यांचं कामच ते आहे. बाळ जीपीला दिसणार, नर्सला दिसणार, क्लिनिकमध्ये दिसणार, हे तारखांसकट लिहिलं की शंकेला जागा उरत नाही.

२६ तारखेला उत्तर आलं की टीम लीड फोन करतील. २८ ला दुपारी फोन आला. मी आईला लेकीकडे बसवून बाथरूममध्ये जाऊन घेतला, वहीत प्रश्न लिहून. त्यांनी आधी तिसऱ्या बाईंच्या प्रश्नाबद्दल माफी मागितली. मग मी वाचून दाखवलं: नाही म्हटलं म्हणून सोशल सर्व्हिसेसला कळवता का? त्या म्हणाल्या, निव्वळ नाही म्हटलं म्हणून नाही. ही सेवा ऐच्छिक आहे. बाळाच्या सुरक्षिततेबद्दल दुसरी काही काळजी असेल तर कळवावं लागतं, मग तुम्ही भेट घ्या किंवा नका घेऊ. जीपीला मात्र आम्ही कळवतो. व्हिसाचं विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या. असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला असावा. त्याचा याच्याशी संबंध नाही, म्हणाल्या. आणि शेवटी: घर नको ते समजलं, क्लिनिकमध्ये यायचं असेल तर कोण हवंय?

मी म्हटलं, लोकरी मोज्यांच्या बाई.

इथे मला माझ्या वहिनीची आठवण झाली. ती दिंडोरी तालुक्यात राहते. तिच्या बाळंतपणानंतर आशाताई सहा वेळा घरी आल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दवाखान्यात बाळंतपण झालं तर साधारण हाच नेम असतो. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरी काळजी घ्यायचं जे काम उभं केलं त्यातून ही पद्धत आली. त्या आशाताई त्याच गावच्या, सहाही वेळा त्याच. वहिनीचं आधीचं काय झालं होतं ते त्यांना कागदात बघावं लागत नव्हतं. वहिनीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "नको कशाला म्हणायचं? त्या आल्या की निदान अर्धा तास सासूबाई काम सांगत नाहीत."

६ मार्च, गुरुवार. क्लिनिक म्हणजे लायब्ररीच्या मागची एक खोली, भिंतीवर हत्ती-जिराफ. घरापासून चालत बारा मिनिटं. बाळंतपणानंतर कारणासाठी बाहेर पडलेली ती माझी तिसरी वेळ. सव्वा महिना झाला होता म्हणून आईने हरकत घेतली नाही, फक्त कानाला रुमाल बांधायला लावला. पहिल्या बाई होत्या. लेकीचं वजन ४.४८. लाल पुस्तकातल्या (बाळाच्या तब्येतीच्या नोंदींचं पुस्तक) आलेखावर त्यांनी टिंब काढलं आणि सांगितलं, आता दर आठवड्याला आणू नका, सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदाच्या वर वजन करायची गरज नाही. हे लाल पुस्तक प्रत्येक वेळी जवळ ठेवा. कोण कधी आलं, काय म्हणालं, ते मी मागच्या पानांवर पेन्सिलीने लिहीत गेले. ईमेलमधल्या सगळ्या तारखा तिथूनच आल्या.

मग त्यांनी मला एक कागद दिला. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याबद्दल. हसू येतं का, एखाद्या गोष्टीची वाट बघावीशी वाटते का, विनाकारण स्वतःला दोष देता का. मी झरझर खुणा केल्या, हिशेब जुळवल्यासारख्या. त्यांनी बेरीज केली. तीसपैकी बारा. "हा आकडा म्हणजे निदान नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही झोपता का?" आणि मी त्या जिराफाखाली बसून दहा मिनिटं रडले.

इथे मला स्वतःशीच कबूल करावं लागतं. मी घरातून घालवलं ते नेमकं हा प्रश्न विचारणाऱ्यांना. गाडी थांबली की खिडकीत जाणं, बाळ झोपलं तरी तिचा श्वास मोजत बसणं, हे मी 'त्या बायकांमुळे' म्हणून खपवत होते. थोडं त्यांच्यामुळे होतंही. सगळं नव्हतं. मी सरसकट दार लावलं असतं, क्लिनिकची ती एक फट ठेवली नसती, तर हा कागद माझ्यापर्यंत आला नसता. आई घरात होती, नवरा होता, दोघंही जीव लावणारे. पण दोघांनाही मी बरी आहे असंच सांगत होते.

पुढचं थोडक्यात. ११ मार्चला जीपीकडे एकाच फेरीत बाळाची तपासणी (डोळे, हृदय, कंबरेचे सांधे), माझी तपासणी आणि आठ आठवड्यांच्या लसी. मेनिन्जायटिस बीच्या लसीने ताप येतो म्हणून लहान मुलांचं पॅरासिटामॉल आधीच घरात आणून ठेवा. किती आणि कधी द्यायचं ते नर्स लिहून देते. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "घरच्या भेटी नाकारल्यात असं दिसतंय. सगळं ठीक?" मी क्लिनिकमध्ये जाते म्हटलं. "छान," म्हणाले आणि लेकीचे पाय बेडकासारखे फाकवून सांधे बघू लागले. ज्या वाक्याच्या भीतीने मी तीन आठवडे काढले त्याची एवढीच किंमत. माझ्यासाठी त्यांनी टॉकिंग थेरपीचं, म्हणजे मनावरच्या ताणासाठी बोलून करायच्या उपचारांचं, सुचवलं. तिथे स्वतःच नाव नोंदवता येतं, बाळंतिणींना प्राधान्य असतं. साडेतीन आठवड्यांनी पहिला फोन आला, मग सहा सत्रं, सगळी फोनवर, पैसे नाहीत. मराठी दुभाषी हवा का असंही विचारतात. मी नको म्हटलं. मग चौथ्या सत्रात आजीबद्दल बोलताना शब्द सापडेनात, तेव्हा वाटलं की घ्यायला हवा होता.

आणखी एक गोष्ट केली. १२ मार्चला माझ्या आणि लेकीच्या नोंदींची प्रत मागितली. हा हक्क आहे, फी नाही, आणि साधारणपणे महिन्याभरात द्यावी लागते. ओळखपत्राची प्रत आणि लेकीचा जन्मदाखला जोडला. ९ एप्रिलला एकतीस पानं आली. नवरा म्हणाला, कशाला उकरतेस. पण माझ्याबद्दल काय लिहिलंय हे माहीत नसणंच मला जास्त छळत होतं. २० फेब्रुवारीची नोंद अशी होती: आईने दारातच भेट नाकारली, घर उबदार, बाळाचा आवाज ऐकू आला, आजी सोबत. २८ ची: पालकांचा निर्णय, क्लिनिकमध्ये येण्यास तयार, सुरक्षिततेची काळजी नाही. बास. १० फेब्रुवारीच्या नोंदीत 'पहिलं मूल' तसंच होतं, ते दुरुस्त करायला पुन्हा ईमेल केला. दोन आठवड्यांत दुरुस्ती झाल्याचं उत्तर आलं.

सगळीकडे आजीच्या जागी 'एमजीएम' लिहिलं होतं, म्हणजे आईची आई. आईला दाखवलं तर म्हणाली, "हे नव्या मुंबईतलं हॉस्पिटल ना? माझं नाव कुठंय?" ती जूनच्या शेवटी परत गेली. जाण्याआधी स्मोक अलार्मखालच्या खुर्चीवर चढून तिने त्याच्यावरची धूळ पुसली.

आता वर्षाच्या तपासणीचं पत्र आलंय. सोबत प्रश्नावली, भरून न्यायची: बाळ आधार धरून उभं राहतं का, टाटा करतं का, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत लहानसा कण उचलतं का. शेवटच्या प्रश्नाशी आले तेव्हा लेक जमिनीवर सांडलेले चुरमुरे एकेक करून, चिमटीतच, उचलत होती आणि त्यातला दर दुसरा माझ्या पायावर ठेवत होती. 'हो'वर खूण केली. तपासणीची वेळ आहे मंगळवार, २७ जानेवारी, दहा चाळीस. पत्रावर नाव आहे ते नवीन कुणाचंतरी, म्हणून काल फोन केला. अकरा मिनिटं संगीत. पहिल्या बाई गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या म्हणे. नव्या बाईंनी नोंदी आधी वाचाव्यात अशी विनंती केली, आणि फोनवरच्या मुलीने ती टाइप करून मला वाचून दाखवली.